चार पालथ्या कवड्या

नाही हो मास्तर, खुर्ची आहे, पण तुम्ही चटईवरच बसा — इथं सगळे चटईवरच बसतात, चार वर्षांचं पोरही आणि त्याला सोडायला आलेले आजोबाही. गुडघे दुखतात? दुखू देत स्वल्प. नात आत गेलीय, तिची काळजी नको. नीरजा ना नाव? गोड आहे. सात पुरी झाली तरी विसाच्या पुढं मोजता येत नाही म्हणता, आकडा विचारला की थरथरते म्हणता — थरथरणारच की. घरात जयतीर्थ हेडमास्तर आजोबा म्हणून बसलेले, पोरगी आणखी काय करील.

बसवनगुडीहून येलहंकेपर्यंत आलात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस बदलून, उन्हातनं. का आलात ते ठाऊक आहे मला. कुणी तरी सांगितलं असणार, तिकडं अनुसूयाक्काच्या, म्हणजे माझ्या, घरी पोरं खेळता खेळता गणित शिकतात. खरंच आहे ते. पाटी नाही, छडी नाही. चिंचोक्यांचे पाच-पाचाचे ढीग लावायचे. तांब्यात किती वाट्या पाणी मावेल ते आधी नुसतं बघून सांगायचं, मग ओतून बघायचं — भिजतात पोरं, भिजेनात का. दोसा दुमडला की अर्धा, आणखी दुमडला की पाव, आणि ज्यानं पाव बरोबर ओळखला त्यानं तो खायचा. रांगोळीच्या ठिपक्यांच्या पाच ओळी, ओळीत पाच ठिपके, सगळे मिळून किती — बोट लावून मोजत बसतात आठ-आठ दिवस, आणि मग एखादी पोरगी न मोजताच पंचवीस म्हणते आणि स्वतःच दचकते. आणि चौकाबारा. खडूनं जमिनीवर पट काढायचा, चार कवड्या टाकायच्या, पडेल तेवढी घरं पुढं जायचं, किती उरली ते सांगायचं.

कवड्या म्हटल्यावर खाली का बघितलंत? आठवलं वाटतं. तेरा वर्षं झाली, मी मात्र एक दिवस विसरले नाही. माझी चंपा सहाची होती. नवं परकर-पोलकं घालून तुमच्या शाळेत आणली होती, नाव घालायला. तुमच्या मेजावर कवड्यांची वाटी — पोरांची परीक्षा घ्यायला ठेवलेली. तुम्ही चार काढल्यात, पालथ्या मांडल्यात, विचारलंत किती. पोर म्हणाली आठ. पुन्हा विचारलंत, पुन्हा आठ. आता चौकाबाऱ्यात चारही पालथ्या पडल्या की आठ घरं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? आपल्या कुठल्या घरात पट नाही, सांगा बघू. आईपाशी बसून तुम्हीही खेळलाच असाल. पण तुम्ही हसलात. बाकीच्या मास्तरांना बोलावून हसलात. आणि म्हणालात, "बाई, हिला चूल फुंकायला शिकवा, तेवढं जमेल."

तुमचा शब्द म्हणजे आपल्या लोकांत देवाचा शब्द. आमच्या ह्यांनी दुसऱ्या शाळेचं नाव काढू दिलं नाही. चंपानं वर्षभर कवडीला हात लावला नाही, आणि त्याला कारण तुम्ही. तुम्हीच. म्हणजे — फाटकाशी मी तिला एक ठेवून दिली होती. एक नाही, दोन. आठ का म्हणालीस म्हणून. का म्हणाली ते मला ठाऊक नव्हतं का? खेळ मीच शिकवला होता, मीच उभी होते तिथं, तुमच्यापुढं जीभ उचलली नाही आणि पोरीवर हात उचलला. जाऊ दे. ते तुम्हाला सांगायचं नव्हतं.

हात कसले जोडता. ह्या दिवसाची वाट बघत होते मी. अडला हरी — पुढचं म्हणत नाही, गाढव मीच ठरेन. तुम्ही आलात की चार कवड्या पालथ्या घालून किती म्हणून विचारायचं, चार म्हणालात तरी हसायचं, आठ म्हणालात तरी हसायचं, आणि नातीसकट वाटेला लावायचं, असं ठरवून ठेवलं होतं. पण आधी एक ऐका. मी शिकवत नाही हो. मी दोसे घालते. शिकवते ती चंपा. तुमची चूल फुंकणारी. आत्ता आत तुमच्या नातीपाशी तीच बसलीय. खिडकीतनं तुम्हाला बघितलं तिनं, तोंडाचा रंग गेला. मी म्हटलं, बाहेर ये, त्यांच्या तोंडावर नाही म्हण. ते ऐकायलाच बसवलंय तुम्हाला इथं.

थांबा. कवड्या पडल्या आत.

ऐकलंत? "चारही पालथ्या. आठ." चंपा नाही ती, तुमची नीरजा. खेळ तिला आधीच येतोय म्हणजे. तुमच्याच घरात शिकलीय, तुमच्याच बायकोनं शिकवला असणार, तुम्ही शाळेत गेलात की. आणि चंपा काय म्हणाली ते ऐकलंत? "कसं मोजलंस, दाखव मला." एवढंच. एवढंच विचारायचं होतं तुम्ही.

डोळे पुसू नका, मला कीव येत नाही. लेकीनं माझं ऐकलं नाही, सरी, बरं तर, तिची मर्जी. पोरीला रोज पाठवा, सुनेबरोबर पाठवा. तुम्ही मात्र ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही. उठा. चपला तिकडं आहेत.