मांजरवालं बुकाचं दुकान

नाई गा देवराव, तो फोन मी नाई करत. शंभर खेप म्हन, नाई म्हन्जे नाई. 'आदेश, तुही माय सिरीयस आहे, भेटन त्या गाडीनं निंघ' — हे मी माह्या तोंडानं नाई बोलत. काऊन म्हन्जे? अरे, रुखमावहिनी आत्ता सकाळी अंगनात मिरच्या पसरवून राह्यली होती, मले पाहून 'या भाऊजी' म्हन्ली, अन तिले मी सिरीयस करू? हां, हां, माहीत आहे मले — पोट्टा दोन वर्सं झाले घरी फिरकला नाई, तुहा नंबर दिसला का कापते, माहा नंबर उचलन — म्हनून आला तू. बस. प्रेमिला बाजारात गेली, चहा नाई भेटन, पानी पे. बस म्हन्तो ना! एक गोठ सांगतो, मंग तुह्या मनाले वाटन ते कर.

तुमी सारे इचारता ना मले — मनसाराम, तू फॉरेनले जाऊन आला, काय काय पाह्यलं गा? अन मी सांगतो डोंगर पाह्यले, रस्ते गुळगुळीत होते, थंडी लय होती. झूट आहे सारं. मी तिथी बुकाचे दुकान पाह्यले. इंग्लिश बुकाचे. तीन. हासतं काऊन? मी नववी नापास, अठ्ठावीस वर्सं खदानीत डंपर चालवला, माही इंग्लिश म्हन्जे ब्रेकडाऊन अन ओव्हरटाईम — पन फिरलो. माही डिंपल तिथी डाक्टरी शिकत होती, ते गेली तवा कालेजवाले म्हन्ले, बॉडीचे कागद बनायले सहा दिवस लागतीन. सहा दिवस, देवराव! आपल्या इथी मानूस गेला का संध्याकाळच्या आत माती होते, लोकं हातावर हात धरून नाई बसत. अन माही पोरगी तिथी थंड्या पेटीत, अन मी कालेजच्या होस्टेलच्या खाटेवर. करू काय? भिंतीकडे पाहू?

मंग माह्या ध्यानात आलं ते मांजर. तिचा विडिओ-कॉल यायचा ना, ऐतवारी, तवा पाठीमांगं बुकाची रॅक दिसे, हिरवी शिडी, अन त्या शिडीच्या पायरीवर एक पांढरं मांजर, एका कानानं फाटकं. 'बाबा, इथी हिटर असते, इथी बसूनच अभ्यास करतो मी, इथल्या सगळ्या पाट्या मले वाचता येते' — म्हने. बाकी शहरातल्या पाट्या? तिबलिसी नाव त्या शहराचं, अन पाट्या अशा गोल गोल जशा सिरोंच्याकडं गेलं का तेलगू लागते तशा, पन तेलगूबी नाई. मले वाटलं, माही पोरगी जिथी बसत होती तिथी एक खेप बसून यावं. कोनालेबी पकडून म्हनो — 'बुक, इंग्लिश बुक'. बोट दाखवत. चालत जाओ.

पह्यलं दुकान माडीवर होतं. मी जोडे काढून अंदर गेलो, तिथली पोट्टी पाह्यतच राह्यली. शिडी नोती, मांजर नोतं. दुसरं खाली तळघरात — तिथी शिडी होती पन लाल. मी तरीबी उभा राह्यलो बराच वेळ, बुकं उलटीपालटी करत, गिऱ्हाईक वाटावं म्हनून. एकालेबी माहीत नोतं मी काय पाहून राह्यलो. तिसरं चौथ्या दिवशी सापडलं, तिच्या भाड्याच्या रूमच्याच गल्लीत — घ्या! मी सारं शहर पालथं घातलं अन दुकान तिच्या दारात. काचेतून मले मांजर दिसलं. फाटका कान. देवराव, मी त्या काचेले डोकं टेकवून रडलो, येड्यावानी.

दुकानवाली बाई बाहेर आली. आपल्या प्रेमिलाच्याच उमरीची. अंदर नेलं, हिटरजवळ बसवलं, गरम पानी देल्लं. मी मोबाईलमंदला डिंपलचा फोटो दाखवला. फोटो पाह्यला अन तिनं तोंडावर हात ठेवला — वळखलं तिनं. तिले ॲक्सिडेंटचं कळलं होतं, एरपोर्टच्या रस्त्यावर पान्यात टॅक्सी ट्रकले भिडली ते. मंग ती तिच्या मोबाईलमंदी बोले, अन मोबाईल हिंदीत बोले. बाईमानसाच्या आवाजात बोलते गा तो, साफ, रेडिओवानी. म्हने, 'वह मेरी बेटी जैसी थी.' म्हने, 'उस दिन अपने कमरे की चाबी देने आई थी, बहुत रो रही थी.' मंग ती बाई आतून एक बुक घेऊन आली. एवढं जाड, सारे फोटो, दुनियाभरच्या खदानीच्या मशिनी, डंपर, शॉवेल, ड्रॅगलाईन. डिंपलनं माह्यासाठी काढून ठेवलं होतं — वाचता येत नाई त काय झालं, बाबा एकेक मशीन वळखन म्हने. अन मंग तो मोबाईल बोलला — 'उस दिन उसने कहा, अब यह किताब मत रखिए, मेरे पिताजी नहीं रहे.'

हो. नहीं रहे. म्हन्जे मी.

थांब, पाह्यतं काय असा? मी मेलो हे तिले कोनं सांगतलं? मीच सांगतलं. ऐक आता. रंजीताचं लगन होतं ना, माह्या भावाच्या पोरीचं? मी साऱ्या सोयऱ्याइले सांगून बसलो होतो — माही डाक्टरीन येनार, माही डाक्टरीन येनार. तीन वर्सं आली नोती ती. अन ती म्हने, बाबा, परीक्षा आहे. मले राग आला. इज्जतीचा सवाल केला मी त्याचा! मंग देवानंदले, साळ्याले, बाजूले बसवलं — इथी, तू बसला तिथीच — म्हन्लं, फोन लाव अन सांग, बाबाची तब्येत बरी नाई, लवकर निंघ. प्रेमिलाचा मोबाईल आधीच बंद करून धान्याच्या कोठीवर ठेवला, बाई भोळी आहे, खरं बोलून जाईन म्हनून.

आता तू सांग देवराव, आपल्याकडं 'तब्येत बरी नाई, निंघ' म्हन्जे काय असते? माहा बाप मेला तवा खदानीत मले काय निरोप आला? हेच — बापाची तब्येत बरी नाई. अन मी काय समजलो? फाटकापासून बसपर्यंत रडत गेलो. आपल्याकडं दूरच्या मानसाले मेला असं कोनी सांगतच नाई, वाटेत त्याले काई होऊ नये म्हनून. हे लहान पोराले ठावं आहे. डिंपलले नोतं का ठावं? देवानंदनं फोन स्पीकरवर ठेवला होता. तिनं कोनता दवाखाना, काय झालं — काईच नाई इचारलं. एवढंच इचारलं — 'मामा, आईजवळ कोन आहे?' अन मी, हा मी, बाजूले बसून हासत होतो गा! देवानंदले मुंडीनं खुनावलं — जमलं, येते आता. पोरगी तिकडं बाप मेला म्हनून कपडे भरून राह्यली, अन बाप इकडं मांडवाचं बोलायले गेला.

अन त्या दुकानात ती बाई मोबाईलमंदी इचारते, 'आप उसके कौन हैं?'

मी म्हन्लं — चाचा.

काय सांगू दुसरं? मी बाप आहो, जित्ता आहो, असं कसं सांगू तिले? ती बाई उठली, माहे दोनी हात धरले, अन तो मोबाईल बोलला, 'आपके भाई का बहुत अफ़सोस है.' मी मान हालवली. मांजर येऊन माह्या पायाशी बसलं. बुक घेतलं, आलो. आहे तिकडं फडताळात. प्रेमिला फडक्यानं पुसते त्याले, म्हन्ते, कितीक जीव होता पोरीचा तुमच्यावर. तिले वाटते डिंपल लगनाले येत होती. आठ वर्सं झाले, मी तिले नाई सांगतलं, तुलेच कसं सांगून बसलो काय माहीत. तू नको बोलू तिले. तुले रुखमावहिनीची शपथ आहे.

आन तो आदेशच्या नंबरचा कागद इकडं. आन म्हन्तो! नंबर लावतो मी. माह्याच मोबाईलवरून लावतो, उचलन तो. पन बोलशीन तू. शिव्या देईन त खा, मुकाट्यानं खा, जित्त्या पोराच्या शिव्या आहे त्या. ये म्हन, आठवन येते म्हन, लाज नको वाटू देऊ बापाले. अन नाईच आला त नाई आला... वाजून राह्यला. घे. उचलला त्यानं, घे ना देवराव — आधी माय बरी आहे म्हन. सगळ्यात आधी ते म्हन.