मामूंनी हाक दिली होती

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवाला हाक मारायला माणसं किती लागतात?

एक पुरतो? कोण म्हणालं ते — खांबाला टेकून बसलेत ते अण्णा? बरं. एक पुरतो. मान्य. पण त्या एकाला 'ओ' कुणी द्यायची? देवानं? सगळं देवावरच सोडायचं, मग आपण इथं कशाला जमलोय — जिलबीला? हसू नका, जिलबी आहे. पण आधी ऐका.

बोरजाई नावाचं गाव. देऊळ, मध्ये हातभर रुंदीचा बोळ, आणि बोळापलीकडं लहानशी मशीद. एके काळी तिथं पिंजाऱ्यांची अकरा घरं होती. गावातली एकही गादी अशी नव्हती, जिचा कापूस त्यांनी पिंजला नाही. मग फोमच्या गाद्या आल्या. आपण घेतल्या. तुम्ही घेतल्या, मीही घेतली! एकेक घर शहराकडं निघालं आणि शेवटी उरला एक माणूस. दस्तगीर पिंजारी. गाव त्यांना मामू म्हणायचं. बायको हलीमाबी मागंच अल्लाला प्यारी झालेली, मुलगा सोलापुरात. मामू मशिदीच्या बाजूच्या खोलीत एकटे.

आता, त्यांच्या धर्मात देव एक. त्याला रूप नाही, मूर्ती नाही. दिवसातून पाच वेळा त्याच्यापुढं उभं राहायचं. आधी वजू — हात, तोंड, पाय स्वच्छ धुवायचे. मग काब्याकडं तोंड करायचं. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. आणि त्याआधी अजान, म्हणजे लोकांना हाक. या, प्रार्थनेला या!

पहिली अजान कुणी दिली, ठाऊक आहे? बिलाल नावाच्या हबशी माणसानं. आधी गुलाम होता. मालकानं तापल्या वाळूत पाठीवर पाडला, छातीवर धोंडा ठेवला. म्हणे, सोड तुझा देव. हा म्हणतोय, 'तो एक आहे, एक आहे.' पुढं त्याची सुटका झाली, आणि पैगंबरांनी अजानीला त्यालाच निवडलं. कुळ पाहिलं नाही हो, आवाज पाहिला. असं सांगतात की पैगंबर गेल्यावर त्याला अजान देववेना. अजानीत त्यांचं नाव आलं की रडू फुटायचं. हाक मारायची, आणि ज्यानं यावं तोच नाही!

मामूंचंही तेच. कानावर हात ठेवून पायरीवर उभे राहायचे, भोंगा-बिंगा काही नाही, अजान द्यायचे. 'या, या.' येणार कोण? कुणीच नाही. मग आत जाऊन दहा माणसांची चटई पसरायचे. पूर्ण. म्हटलं, "मामू, घडी घाला की, एकट्याला केवढी लागते?" तर म्हणाले, "कुणी आलंच तर जागा नको का, बुवा?"

नमाज संपवताना मान उजवीकडं वळवून सलाम म्हणतात, मग डावीकडं. मी तरुण होतो, आगाऊ होतो. विचारलं, "इथं आहे कोण? सलाम कुणाला?"

"खांद्यांवर फरिश्ते बसलेत, बरंवाईट लिहितात. त्यांना. आणि शेजारी जो बसला असेल त्याला."

"शेजारी तर कुणी नाही."

"नाही खरं," म्हणाले, आणि चटई गुंडाळायला लागले. ते एकटेपण मी पाहिलं, मंडळी. पाहिलं आणि चहा प्यायला गेलो.

मुलगा म्हणायचा, अब्बा, सोलापूरला चला, तिथं हाक देणाऱ्यांची वाण नाही. मामू म्हणायचे, "इथली अजान बंद पडेल. आवाज जिथवर पोचतो तिथवरचं झाड, दगड, सगळे कयामतीच्या दिवशी माझी साक्ष देणार आहेत." माणूस आला नाही तर नाही, दगडावर भिस्त!

तर त्या गावात दरवर्षी सप्ताह. कीर्तन दुपार कलल्यावर सुरू व्हायचं. सूर्य बुडाला की पलीकडून अजान यायची. तेवढा वेळ बुवानं थांबायचं, मृदंगावर हात नुसता ठेवायचा, टाळकऱ्यांनी पाणी प्यायचं. अजान संपली की पुढचा अभंग. कुणी ठरवलेलं नाही, आपोआप पडलेली रीत.

एका वर्षी काय झालं — पहिल्या दिवशी सूर्य बुडाला, अजान नाही. बुवानं कान दिला. कुणीतरी म्हणालं, "मुलाकडं गेले असतील." बुवाला बरं वाटलं! आख्यान रंगात आलं होतं, थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुवा थांबलाच नाही. विषय कोणता? शेजारधर्म! लोकांच्या डोळ्यांना पाणी, बुवाच्या गळ्यात हार. तिसऱ्या दिवशीही तेच.

बोळाच्या तोंडाशी सगुणाबाई राहायची. एकटी बाई, घरात घड्याळ नाही. मामूंच्या हाकेवर तिचा दिवा लागायचा. दोन दिवस दिवा लावायला उशीर झाला, तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. भाकरी फडक्यात बांधली आणि गेली. दार नुसतं लोटलेलं. आत मामू अंथरुणावर, अंगात फणफणता ताप, ओठ सुकलेले. तिनं पाणी पाजलं.

"भाऊ, हाक तरी मारायची."

मामू म्हणाले, "मारली की. रोज पाची वेळा दिली. पडून दिली. उठवत नव्हतं." थोडा दम घेतला. "पलीकडं कीर्तन ऐकू येतंय. छान चाललंय. बुवा दर साली थांबतात. यंदा का थांबले नाहीत गं?"

बाईनं पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्या ओठाला लावला.

त्यांच्यात आजाऱ्याला सूट आहे. उठवत नसेल तर पडल्यापडल्या, नुसत्या खुणेनं नमाज करावी. मामूंनी तशी केली. शेवटी मान उजवीकडं वळवली. अस्सलामु अलैकुम. इतकी वर्षं तिथं भिंत होती. आज सगुणाबाई बसली होती. तिला बिचारीला काय म्हणायचं असतं ते कुठून माहीत? तिला वाटलं, भाऊ आपल्याला विचारतायत.

म्हणाली, "हो भाऊ. हाय मी."

मामूंची मान डावीकडं वळायची राहिली. रडले. नंतर वळवली, पण आधी रडले.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई भर कीर्तनात मांडवात येऊन उभी राहिली आणि बुवाला हे सगळं सांगितलं. ओरडली नाही. सांगितलं आणि निघून गेली. मुलगा आला, मामूंना सोलापूरला घेऊन गेला. गाव वेशीपर्यंत गेलं. मशिदीला कुलूप लागलं. चटई तेवढी सगुणाबाईकडं आहे, उन्हाला घालते.

आणि तो बुवा? कुठं शोधता त्याला, मंडळी. हा काय, गळ्यात वीणा घालून तुमच्यापुढं उभा आहे.

अजूनही मी दरवर्षी बोरजाईला जातो. सूर्य बुडाला की थांबतो. सगळे थांबतात. हाक येत नाही. तेवढा वेळ मग फार मोठा वाटतो.

तेव्हा आज गजर नंतर. टाळ खाली ठेवा. आधी उजवीकडं बघा. आता डावीकडं. रोज तिथं बसणारं कोण आज आलेलं नाही? 'मुलाकडं गेले असतील' असं म्हणू नका. मीही तेच मानून घेतलं होतं. उठा, त्यांच्या दारावरून जाऊन या. मी थांबतो.