पुलावरचे दोन बांबू

मला आयुष्यात एकदाच सरकारी नोटीस आली, तीही बांबूंवरून. त्र्यंबककडे जाताना एक जुना दगडी पूल लागतो. त्याचा कठडा जिथे तुटलाय, तिथूनच माझा धाकटा भाऊ स्कूटरसकट खाली गेला. तेराव्यानंतर मी तिथे दोन बांबू आडवे बांधले. नोटिशीत लिहिलं होतं, पूल वारसा यादीत आहे, बांबू काढून पूर्ववत करा.

मी कार्यालयात गेलो. म्हटलं, "साहेब, पूर्वी तिथे कठडा होता."

"काका, यादीत घेतला तेव्हा तुटलेलाच होता. तसाच जपायचा असतो."

"भगदाडासकट?"

"भगदाडासकट." त्याने फाइल मिटली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बांबू काढायला आमच्याकडे माणूस नाही. तुम्हीही जाऊ नका."