ईदची गळाभेट

अगं, आमच्या अहमदपूरच्या बालवाडीत गेल्या ईदला काय झालं, ऐक. प्रत्येक सणाला आम्ही पोरांना काहीतरी करायला लावतो. ईदच्या सुट्टीनंतर आमच्या मदतनीस शबानाताईंनी शीरखुर्मा आणला आणि पोरांना गळाभेट शिकवली. मी एवढंच म्हटलं, "घरी गेल्यावर सगळ्यांना असंच भेटा बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चार वर्षांच्या श्रावणीचे आजोबा दारात उभे. चेहरा एकदम गंभीर. शबानाताई माझ्या कानात पुटपुटल्या, "बाई, ईद केली म्हणून भांडायला आले वाटतं."

"पोरीला काय शिकवलं तुम्ही?" आजोबांनी विचारलं.

"काही चुकलं का, काका?"

"शेजारी माझा धाकटा भाऊ राहतो. बांधावरून भांडण झालं, तवापासून बोलणं बंद. काल ही पोरगी त्याला हाताला धरून आमच्या दारात घेऊन आली. म्हणे, आज समद्यांनी गळ्यात पडायचं, बाईंनी सांगितलंय. आम्ही हलंना, तर तिनं भोकाडच पसरलं. मग काय करता? पडलो गळ्यात." बोलता बोलता ते पायरीवर टेकले. "रात्री जेवायलाबी थांबला तो."

शबानाताईंनी ओढणीनं डोळे पुसले.

आजोबा निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत वळले.

"बाई, मधला भाऊ निलंग्याला असतो. त्याच्याशीबी बोलणं न्हाई. ईद पुन्हा कधी हाय?"