गप्प म्हणजे खुशाल

नाव : तक्रारीत आहे तेच, घरी व कामावर भिंगरी म्हणतात. वय : २३. शिक्षण : दहावी, पुढचे अर्धवट. धंदा : लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत संगणकाचे काम, चार महिने (त्याआधी सात ठिकाणी). राहणार : कंपनीच्या माळ्यावर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आईने जो बेपत्ता असल्याची तक्रार दिली, तो मीच. मी बेपत्ता नव्हतो.

आमच्याकडे साठ लिफ्ट आहेत. प्रत्येकीत बिघाड कळवणारी एक डबी असते. ती ऑफिसच्या सर्व्हरला कायम जोडलेली राहून दर अर्ध्या मिनिटाला "आहे" एवढेच कळवायची. साठ लाइनी दिवसभर अडकलेल्या, त्यामुळे सर्व्हर रडकुंडीला आला होता. सोमवारी मी सेटिंग बदलले. बिघाड झाला तरच जोडायचे, सांगायचे, तोडायचे. सर्व्हर सुतासारखा सरळ झाला. मालकांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पाठ थोपटली. सुतावरून आठवले, मी आधी सूतगिरणीत होतो. (हवालदार साहेब म्हणाले, मुद्द्यावर ये.)

आई रोज सकाळी आठला मिस्ड कॉल देते. एक रिंग, की कट. तो उचलायचा नसतो. सहा वर्षे असेच आहे. त्याचा अर्थ काय, यावर आमचे कधी बोलणे झालेले नाही. सोमवारी मला वाटले, जो नियम डब्यांना तोच आपल्याला. काम असेल तेव्हा फोन चालू, एरवी बंद. झोप छान लागली. मंगळवारी, बुधवारी फोन बंद लागला म्हणून आईने इथे तक्रार दिली. नवा पत्ता तिला द्यायचा राहून गेला होता.

गुरुवारी दुपारी एका इमारतीतल्या शिवणक्लासच्या बाई आमच्या लिफ्टमध्ये दीड तास अडकल्या. डबीचीच वीज गेली होती. पडद्यावर सगळे शांत, म्हणून आम्ही चहा पीत होतो. तिथला वॉचमन धावत आला तेव्हा कळले. अण्णा ओरडले, "अरे भिंगरी, गप्प आहे म्हणजे खुशाल आहे का मेलंय, हे कळायचं कसं?"

मी म्हणालो, "काही झालं असतं तर डबी बोलली असती ना, अण्णा."

"कुणाच्या तोंडानं?"

मेकॅनिकला बोलवायला मी फोन चालू केला. तोच हवालदार साहेबांचा फोन आला. "जिवंत आहेस?" "हो." "मग ये आणि तसं लिहून दे." बाईंना सुखरूप बाहेर काढून मी मिळेल त्या गाडीने आलो.

गुरुवारी सकाळी आईला एक बेवारस मयत ओळखायला नेले होते. वय अंदाजे माझ्याएवढे. तो मी नव्हतो. हे हवालदार साहेबांनी सांगितले, आईने नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. मला बघून "जेवलास का?" एवढेच म्हणाली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. साठही डब्या उद्या पुन्हा कायमच्या जोडणार आहे.

जबाब वाचून दाखवत असताना माझा फोन एकदा वाजून बंद झाला. बाहेरच्या बाकावरूनच. हवालदार साहेब म्हणाले, उचलायचा की. मी म्हणालो, उचलायचा नसतो. मग त्यांनी उरलेले वाचले. सगळे मी सांगितले तसेच व खरे आहे.