बुजवलेल्या फाटकाबाबत

नाव : व्हर्ना लुईस ओस्ट्रँडर. वय : ७३. व्यवसाय : निवृत्त, पूर्वी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका. शिक्षण : पदवीधर. राहणार : १४, टिंबरलाइन कोर्ट, मेडोलार्क वसाहत, बोल्डरच्या पूर्वेस, कोलोरॅडो. या पत्त्यावर सध्या घर नाही. टपालपेटी आहे, कारण ती सोसायटीच्या नियमाप्रमाणे लोखंडी होती. तात्पुरता मुक्काम : लुथरन चर्चचे सभागृह.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून आले असून येथील अधिकारी डेप्युटी सँडोव्हल यांनी विचारल्यावरून सांगते, ते असे :

सोसायटीचे अध्यक्ष केंट व्हिटलो यांनी माझ्याविरुद्ध व माझे शेजारी इमॅन्युएल बाका यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. आम्ही दोघांनी ३० डिसेंबर रोजी सामाईक कुंपणाची हेतुपुरस्सर नासधूस केली, व त्या खिंडारातून आग पुढे गेली, असे तीत म्हटले आहे. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याविषयी पुढे सांगते.

आमच्या वसाहतीत कुंपण देवदाराच्या फळ्यांचे, पुरुषभर उंच, हरणी तपकिरी रंगाचे व सलग असावे लागते. घराच्या पुढच्या दाराशी दोन्ही बाजूंना ज्युनिपरची तेलकट, चटकन पेटणारी झुडपे लावावी लागतात. हिरवळ हिरवी ठेवावी लागते. यंदा उन्हाळ्यापासून धड पाऊस नाही, नाताळ उलटून गेला तरी बर्फाचा कण नाही. नगरपालिकेने पाणी जपून वापरा म्हणून कळवले, सोसायटीने हिरवळ पिवळी पडल्याबद्दल मला नोटीस दिली. वसाहतीच्या पश्चिमेला माळ आहे. त्यावर कमरेएवढे गवत वाळून उभे होते. ते कापायला सोसायटीचा विरोध होता. नैसर्गिक दृश्याला बाध येतो असे त्यांचे म्हणणे होते.

मिस्टर बाका ८६ वर्षांचे आहेत. चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालतात, नाकाला प्राणवायूची नळी असते. त्यांच्या व माझ्या मागील अंगणांमध्ये एक फाटक होते. ते त्यांनीच केले होते. त्यांच्या पत्नी एस्टेला हयात असताना दर नाताळात त्या फाटकातून तमाल्यांचे, म्हणजे मक्याच्या सालपटात वाफवलेल्या मेक्सिकन वड्यांचे, पातेले माझ्याकडे येई व रिकामे परत जाई. फाटकामुळे कुंपणाची सलग रेषा मोडते, असा ठराव होऊन गेल्या ऑगस्टमध्ये सोसायटीने फाटक काढले व तिथे फळ्या ठोकल्या. ठोकणाऱ्याने काम चोख केले होते, हे मी प्रत्यक्ष अनुभवाने सांगू शकते.

घटनेच्या दिवशी सकाळपासून वारा इतका होता की उभे राहवत नव्हते. सोसायटीच्या संदेश-गटावर हवा भरलेले सांताक्लॉज व स्नोमॅन बांधून ठेवण्याची सूचना आली. त्यावर कोणाचा स्नोमॅन कोणाच्या अंगणात गेला, याची चर्चा झाली. दुपारी एकाने लिहिले, "कोणाला धुराचा वास येतोय का?" अध्यक्षांनी उत्तर दिले, "कृपया विषयाला धरून बोला."

थोड्या वेळात माळाच्या बाजूने आकाश काळे झाले व वीज गेली. मी गाडी बाहेर काढली. वीज गेली की गॅरेजचे दार उघडत नाही, आत एक लाल दोरी ओढावी लागते. आमच्याकडे सगळे गॅरेजमधूनच ये-जा करतात, पण ती दोरी कशासाठी आहे हे अर्ध्या वसाहतीला त्या दिवशी कळले. मी मिस्टर बाकांना फोन केला.

ते म्हणाले, "शेजारीणबाई, गॅरेज उघडत नाही. दोरीला हात पुरत नाही."

"मग पुढच्या दाराने या."

"दाराशी ती झुडपं पेटलीत. कडी हाताला धरवत नाही."

"आपलं फाटक होतं तिथे येऊन उभे राहा."

"तिथे आता फाटक नाही."

"मला माहीत आहे. या."

मी माझ्या दिवंगत पतींची सरपणाची कुऱ्हाड घेतली व माझ्या अंगणाच्या बाजूने फळ्या तोडायला सुरुवात केली. त्या वेळी आमचे बोलणे झाले ते असे :

"बाजूला व्हा, मिस्टर बाका."

"किती बाजूला?"

"कुऱ्हाड लागणार नाही इतके."

"शेजारीणबाई, सोसायटीची लेखी परवानगी घेतलीत ना?"

"तोंड बंद ठेवा आणि रुमाल धरा."

माझे अंगण कोपऱ्यावरचे असून रस्त्याकडून दिसते. रस्त्यावर बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग अडकली होती. तीत मिस्टर व्हिटलोंची गाडी माझ्या अंगणासमोर येऊन थांबली. त्यांनी काच खाली केली व ओरडले, "व्हर्ना! अहो, ते सामाईक कुंपण आहे!"

मी म्हटले, "मग येऊन सामाईक हात लावा!"

"मला याची नोंद घ्यावी लागेल!"

"घ्या. पण आत बाका आहेत, ते आधी बघा!"

ते काय म्हणाले, वाऱ्यात ऐकू आले नाही. त्यांनी फोनवर छायाचित्र घेतले, तेवढ्यात रांग पुढे सरकली. त्यांच्या गाडीच्या मागच्या आसनावर हवा काढलेला सांताक्लॉज होता. तिथे दोन माणसे बसू शकली असती.

मिस्टर व्हिटलो वाईट गृहस्थ नाहीत, हेही लिहून घ्यावे. दर हिवाळ्यात बाकांच्या दारातला बर्फ तेच उपसत. तसा सोसायटीचा नियम आहे. माणसे ओढून काढण्याबाबत नियम नाही.

ते छायाचित्र मला आज दाखवण्यात आले. त्यातली बाई मीच. तुटलेल्या फळीतून वॉकरचा दांडा बाहेर आलेला दिसतो, तो मिस्टर बाकांनी आतून रेटला होता. या गुन्ह्यातला त्यांचा सहभाग एवढाच. छायाचित्रात मागे एका छपरातून धूर निघताना दिसतो. ते छप्पर तक्रारदारांचे आहे. त्यांच्या ते लक्षात आले नसावे.

तीन फळ्या निघाल्यावर मिस्टर बाका बाहेर आले. प्राणवायूची नळी फळीला अडकून निघाली. ती पुन्हा लावायला वेळ नव्हता. त्यांनी एकदा मागे वळून पाहायचा प्रयत्न केला. मी पाहू दिले नाही. त्यांना गाडीत घातले व निघाले.

आग खिंडारातून गेली की नाही याबाबत : जाताना मी आरशात पाहिले. आग कुंपणाच्या माथ्यावरून एका घराकडून दुसऱ्या घराकडे जात होती. कुंपण सलग असल्यामुळे तिला कुठे थांबावे लागत नव्हते. आमच्या गल्लीतली सगळी घरे गेली. माझ्या घराबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दिवशी भरपूर बर्फ पडला.

नुकसानीची जागा दाखवण्यासाठी काल मिस्टर व्हिटलो, डेप्युटी व मी तिथे गेलो होतो. कुंपण कुठून कुठपर्यंत होते हे तक्रारदारांना सांगता आले नाही. त्यांनी बुटाने दोन-तीन ठिकाणचा बर्फ बाजूला केला. मग मला म्हणाले, "व्हर्ना, माझं घर यातलं कुठलं?" मी बोटाने दाखवले. तक्रार मागे घेता का, असे डेप्युटींनी विचारले. ते म्हणाले, "ते मला एकट्याला नाही करता येणार. समितीची सभा बोलवावी लागेल."

मिस्टर बाका इस्पितळात आहेत. धुराने फुप्फुसे बिघडली आहेत, मनाला धक्का बसेल असे काही कानावर घालू नका, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. त्यांचे घर गेले हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. सहआरोपी म्हणून उद्या त्यांचा जबाब घ्यायला इस्पितळात जाणार असल्याचे मला डेप्युटींकडून समजले. पत्ता विचारूनच जबाब सुरू होतो, हे मी नोकरीत आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून माझी विनंती आहे की जाऊ नये. कुऱ्हाड माझी होती, चालवली मी, बेत माझा होता. जी काय शिक्षा असेल ती माझ्या नावावर लिहावी. मी ठाण्यात आज आले ती एवढ्यासाठीच.

जागेवरून जप्त केलेले कुऱ्हाडीचे पाते माझे आहे. दांडा लाकडी होता. माझ्या घरातून राहिलेली तेवढीच वस्तू आहे, तरी काम संपल्यावर परत मिळावी.

मी रोज इस्पितळात जाते. मिस्टर बाका रोज विचारतात, "शेजारीणबाई, त्या फळ्या परत लावल्यात का? नाहीतर मी घरी आल्यावर तो व्हिटलो माझं डोकं खाईल." मी सांगते, "लावल्या. रंगसुद्धा दिला."

डेप्युटी सँडोव्हल यांनी वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. या प्रकरणात मी खोटे बोलले ते फक्त फळ्या व रंगाबाबत, व ते या ठाण्याच्या हद्दीबाहेर. बाकी सर्व खरे आहे.

(सही) व्हर्ना एल. ओस्ट्रँडर