पिंपाची शेपटी

व्हर्न : पडला परत! बघ, बोललो होतो ना? खटका दाबला की ब्रेकर पडलाच. मॅरिट, हे बिअरच्या भट्टीचं पॅनेल नाही, उंदराचा सापळा आहे.

मॅरिट : तू जरा जिन्यावर जाऊन बस. उजेड अडवतोयस.

व्हर्न : उजेडात बघण्यासारखं काय आहे त्यात? ह्याला वायरिंग म्हणतात? वेण्या घातल्यात वेण्या! प्रत्येक वायरीला चिठ्ठी, टोकाला टोपी. पोरीचे केस विंचरायचे सोडून हे करत बसलीस वाटतं.

मॅरिट : एल्सीला केस आलेत कुठे विंचरण्याएवढे? ती दुपारी झोपली की मी तळघरात उतरते. एका झोपेत एखादी वायर होते. दात येत होते तेव्हा तीही नाही. अख्खा हिवाळा गेला ह्यात.

व्हर्न : माझं पॅनेल मी एका रविवारात उरकलं. मॅच बघत बघत.

मॅरिट : ते दिसतंच. त्याचं दार अजून चिकटपट्टीवर उभं आहे.

व्हर्न : पण बिअर होते ना त्यावर! आत्ताही घरी पिंपात पाणी तापतंय, कॉनी लक्ष ठेवून आहे. गेलो की सातू टाकायचे. आपल्या बिअरवाल्यांच्या क्लबात दर वर्षी पदक कोणाला? तुला शेवटचं कधी मिळालं होतं गं? पोट पुढे यायच्या आधी ना?

मॅरिट : हो. काळ्या बिअरला. तू दुसरा आला होतास.

व्हर्न : त्या दिवशी परीक्षकाला सर्दी होती.

मॅरिट : तिन्ही परीक्षकांना?

व्हर्न : साथ होती तेव्हा. बरं ते सोड. धाकट्या भावाची बायको म्हणून प्रेमानं सांगतो, हा गळतीचा ब्रेकर काढून टाक. माझा मी कधीच काढला. ड्रायरच्या सॉकेटातनं सरळ पॅनेलला दे. मी करून देतो. माझी कॉफी निवायच्या आत होईल.

मॅरिट : तो ब्रेकर कशासाठी असतो, माहीत आहे तुला?

व्हर्न : भित्र्यांसाठी.

मॅरिट : जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही तर तो पडतो. म्हणजे मधे कुठेतरी पाझरतेय.

व्हर्न : पाझरली तर पाझरू दे की! माझ्या पिंपाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. तेवढं चालायचंच. मी गमबूट घालतो, पायाखाली रबरी पायपुसणं टाकतो. दोन वर्षं झाली. मेलो?

मॅरिट : अजून नाही.

व्हर्न : तू अगदी आमच्या बेनोच्या जातीची. एवढा वासराएवढा कुत्रा, पण मी पिंप लावलं की गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. बाहेर बसून कुंई कुंई करतो. क्लबातले हसतात त्याला. मीही हसतो. भित्रं कुठलं!

डोलोरेस : अगं मॅरिट, झालं का तुमचं? ह्या ओल्या लंगोटांची टोपली घेऊन मी किती वेळ वर उभी राहू? उतरले शेवटी खाली. घरात ते मोठं सॉकेट एकच. त्याच्यावरच ड्रायर लावायचा आणि त्याच्यावरच तुमची भट्टी. बाहेर दोरीवर टाकले तर थंडीनं गोठून पापडासारखे कडक होतात. पोरीला काय पापड बांधू?

मॅरिट : पाच मिनिटं द्या, आई. ती झोपलीय ना अजून?

डोलोरेस : झोपलीय. पालथी. ढुंगण वर करून. आणि व्हर्न, तू काय करतोयस इथे? भावाच्या घरी आलास ते लाईल कामावर गेल्यावर?

व्हर्न : अगं आई, मी मदतीला आलोय!

मॅरिट : माझं पिंप न्यायला आलाय. लाईलनं त्याला सांगून ठेवलंय, ईस्टरपर्यंत मॅरिटचं पॅनेल चाललं नाही तर पिंप तुझं.

व्हर्न : मग? एवढं चांगलं पिंप, त्यात खेळणी भरून ठेवली होतीस! बघवत नव्हतं मला. पोर झाल्यावर हे सगळं सुटतंच गं. आमच्या कॉनीचंही नाही का सुटलं शिवणकाम? त्यात वाईट काही नाही.

मॅरिट : बाहेर गॅसवर लावायचं तर एल्सी आत एकटी राहते. तिला बाहेर न्यायचं तर थंडी. म्हणून तळघर, म्हणून वीज. आता हेही जमलं नाही तर माझं खरंच सुटलं, व्हर्न. मला माहीत आहे ते. तू सांगायची गरज नाही.

व्हर्न : मग ऐक ना माझं! काढ तो ब्रेकर. आणि ही काय भानगड? पिंपाला हिरवी शेपटी कसली?

मॅरिट : अर्थिंग. पिंपाच्या अंगाला जोडून पॅनेलमध्ये आणलीय.

व्हर्न : मी पिंपाला हीटर बसवून दिला तेव्हा नव्हती ही.

मॅरिट : नव्हती. मी लावली.

व्हर्न : मग तीच मेली नडतेय! आई, तू बघ आता. ही शेपटी सोडवली की ब्रेकर पडतो का बघ.

मॅरिट : नाही पडणार. पाझरलेली वीज मग पिंपाच्या अंगात बसून राहील. कोणी हात लावेपर्यंत.

डोलोरेस : ह्या पिंपाच्या?

मॅरिट : ह्याच.

डोलोरेस : अरे देवा. पोर तर जाता येता पापे देते त्याला. त्याच्या चकचकीत पत्र्यात तिला दुसरी एल्सी दिसते ना. ओठ टेकवते, लाळ पुसते, परत टेकवते.

व्हर्न : मग तिला खाली आणताच कशाला?

डोलोरेस : तू लहानपणी घर तापवायच्या भट्टीच्या खोलीत झोपायचास, व्हर्न. तिथे कशाला म्हणून तुला कोणी विचारलं होतं का?

मॅरिट : थांबा दोघं. हे बघ, मी हीटरचा प्लग काढला. नुसतं पॅनेल चालू करते. दिवा लागला. पंप फिरतोय. पडला का ब्रेकर?

व्हर्न : ...नाही पडला.

मॅरिट : बंद केलं. आता हीटर जोडला. चालू—

व्हर्न : पडला.

मॅरिट : म्हणजे माझ्या वेण्या ठीक आहेत. खोट हीटरच्या बाजूला आहे. तो कोणी बसवला?

व्हर्न : मी बसवला, आणि भोक असं गोल पाडलंय की कंपनीलाही पडणार नाही. तुझ्या वाढदिवसाची भेट होती ती.

मॅरिट : आई, तो मोठा प्लग भिंतीतून काढता? हं. आता तो स्क्रूड्रायव्हर द्या. हीटरच्या मागचं झाकण उघडते.

डोलोरेस : अगंबाई. पाणीच की हे!

मॅरिट : पाणी. वायरी जिथे जोडल्यात, नेमकं तिथे. व्हर्न, हीटरबरोबर एक रबरी रिंग येते. ती कुठाय?

व्हर्न : ती नीट बसत नव्हती. जाडी होती. मी टेप गुंडाळली, पांढरी. नळाला लावतो ती.

मॅरिट : नळाला.

व्हर्न : नळाला चालते की! नळ गळतो का?

मॅरिट : नळाच्या आट्यांना चालते, व्हर्न. पत्र्याला पाडलेल्या भोकाला नाही चालत. आणि नळात वीज नसते. इतकी पदकं टांगलीस भिंतीवर, आणि एक रिंग जाडी वाटली म्हणून काढून टाकलीस?

व्हर्न : एवढं काही झालेलं नाही. थेंब-दोन थेंब आहेत.

मॅरिट : तुझ्या पिंपाला काय लावलंस? रिंग की टेप?

व्हर्न : माझ्याकडे व्यवस्थित चाललंय म्हटलं ना.

मॅरिट : रिंग की टेप?

व्हर्न : टेप. आधी तिथेच लावून बघितली होती. चालली म्हणून इथे लावली.

मॅरिट : चालली नाही. ब्रेकर पडत होता. तू ब्रेकर काढलास.

डोलोरेस : तरीच.

व्हर्न : काय तरीच?

डोलोरेस : बेनो रे. बिअर सांडली की जमीन चाटून लख्ख करायचा, पिंपाचं बूडसुद्धा सोडायचा नाही. तू गॅस काढून वीज आणलीस आणि तेव्हापासून मी आले की माझ्या पायाशी येऊन चिकटतो. मी कॉनीला म्हटलंही होतं, ह्याला काहीतरी झालंय. तुम्ही हसलात.

मॅरिट : व्हर्न, कॉनी आत्ता पिंपाजवळ आहे ना? गमबूट घातलेत तिनं?

व्हर्न : तिला कुठले गमबूट. मोज्यांवर फिरते ती घरभर.

मॅरिट : फोन लाव.

व्हर्न : लावतो गं, घाबरवू नकोस. तिला नुसतं बघायला सांगितलंय, ढवळायला नाही... वाजतोय.

डोलोरेस : उचलला?

व्हर्न : नाही.

डोलोरेस : परत लाव. मघाशी केवढी जीभ चालत होती तुझी. लाव म्हणते ना!

(वरून एल्सीच्या रडण्याचा आवाज येतो.)

मॅरिट : आई, तिला घ्या तुम्ही. आणि ड्रायर लावा, माझं आजचं झालं. माझ्याकडे दोन रिंगा आहेत डब्यात. एक उद्याच्या झोपेत बसवते. दुसरी तू घेऊन जा, व्हर्न. आणि पिंप मागायला परत येऊ नकोस.

व्हर्न : श्श... कॉनी? कॉनी, कुठे होतीस? ...बरं. ऐक. पिंपापासून लांब हो. नाही, अजिबात हात लावू नकोस. झाकणालाही नाही. स्वयंपाकघरात जा आणि मेन पाड. सगळ्या घराचा. ...मला माहीत आहे मॅच चालू आहे. पाड. ...पाडलास? ...हं. ...नाही, कोणाला काही झालेलं नाही. बेनो कुठाय? ...उंबऱ्यावर? ...नाही, हाकलू नकोस त्याला. बसू दे. मी येतोच. तोवर तूही त्याच्याजवळच बस.